सुजाता भट्ट ह्यांची कविता आणि वेच्यांची पुस्तके

इंग्लंडात सोळाव्या वर्षी मुलांना शालेय परीक्षा द्यावी लागते. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या परीक्षेस बसणाऱ्या असंख्य मुलामुलींच्या हाती कवितांचे एक पुस्तक असे. 'ए. क्यू. ए.' ह्या परीक्षामंडळाने ते सिद्ध केले होते आणि त्याच्या एका भागास 'निरनिराळ्या संस्कृतींतील कविता' असे नाव दिले होते. त्या भागात कविता सोळा. पाने चाळता चाळता एका पानावर मात्र इंग्रज मुलाची दृष्टी थबकल्यावाचून राहत नसावी. इंग्रजी ओळी सरळ चालल्या असता मध्येच लिपी बदलते. शिरोरेघ नसलेली, गोलसर वळणाची गुजराती अक्षरे सुरू होतात, त्यांचा उच्चार रोमन लिपीत कंसात दिलेला आढळतो, आणि काही ओळींनंतर कविता पुन्हा इंग्रजीच्या वाटेस लागते. ज्या पुस्तकावर परीक्षा द्यावयाची, त्याच पुस्तकात शिक्षकालाही वाचता न येणारी अक्षरे! ही कविता श्रीमती सुजाता भट्ट ह्यांची. तिच्या नावाचा अर्थ 'माझ्या जिभेच्या शोधात' असा करता येईल.

सुजाताबाईंचा जन्म १९५६ साली अहमदाबाद येथे झाला; परंतु बालपण गेले ते पुण्यात. १९६८ साली, म्हणजे बाराव्या वर्षाच्या सुमारास, त्या आईवडिलांबरोबर अमेरिकेस गेल्या. तेथेच शिक्षण झाले, आयोवा विद्यापीठात लेखनकलेची पदवी घेतली, आणि पुढे जर्मन लेखक मिखाएल आउगुस्टिन ह्यांच्याशी विवाह होऊन त्या ब्रेमेन शहरी स्थायिक झाल्या. घरची भाषा गुजराती, बालपण मराठी मुलखात, शाळा-कॉलेज इंग्रजीत आणि संसार जर्मन भाषेच्या देशात, असा हा प्रवास आहे. त्यांचा पहिला संग्रह १९८८ साली मँचेस्टरच्या कारकानेट ह्या प्रकाशनसंस्थेने काढला. त्याचे नाव 'ब्रुनिझेम'. हे एका जातीच्या मातीचे नाव होय. गवताळ प्रदेशातील ही गडद रंगाची सुपीक माती आशिया, युरोप आणि उत्तर अमेरिका ह्या तिन्ही खंडांत सापडते. तीन खंडांत आयुष्य वाटले गेलेल्या कवयित्रीने आपल्या पहिल्याच पुस्तकास कोणत्याही देशाचे नाव न देता मातीचे नाव द्यावे, हे मोठे मार्मिक आहे. ह्या संग्रहास राष्ट्रकुल काव्यपारितोषिकांपैकी आशिया विभागाचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर त्यांचे अनेक संग्रह निघाले. तथापि त्यांचे नाव सर्वांत अधिक घरांत जाऊन पोहोचले ते ह्या संग्रहांमुळे नव्हे. दुसऱ्यांनी निवड करून काढलेल्या पुस्तकांमुळे.

आपल्याकडे अशा पुस्तकांची ओळख फार जुनी आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले ह्यांनी १८५४ साली 'नवनीत' काढले, आणि त्या वेळेपासून कित्येक पिढ्यांनी मोरोपंत, वामन, मुक्तेश्वर हे कवी त्यांच्या मूळ ग्रंथांतून न वाचता 'वेच्यां'तून वाचले. 'वेचा' हा शब्द किती नेमका आहे पाहा. शेतात पडलेली कणसे वेचावी, अंगणातली फुले वेचावी, तसे हे वेचणे. वेचणाऱ्याची ओंजळ भरते, पण शेत केवढे होते हे ओंजळीवरून कळत नाही. 'नवनीत' वाचून मोरोपंत समजला असे मानणारे पुष्कळ निघाले. 'नवनीत' वाचून मूळ 'महाभारत' उघडणारेही काही निघाले. सुजाता भट्ट ह्यांच्या वाट्यास पहिला प्रकार किती आला आणि दुसरा किती, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या इंग्रजी शालेय पुस्तकाकडे वळू. त्यातील सोळा कवितांत ज्यांचे धागे हिंदुस्थान-पाकिस्तानशी जुळतात अशा पाच होत्या. मुंबईच्या बेने इस्रायल समाजात जन्मलेले निसिम इझिकेल ह्यांची विंचवाच्या रात्रीची कविता त्यांत होती. लाहोरला जन्मून ग्लासगोत वाढलेल्या आणि मुंबईशी दीर्घ संबंध आलेल्या इम्तियाझ धारकर ह्यांच्या दोन कविता होत्या. त्यांपैकी एकीत झोपडवस्तीत पाण्याचा नळ फुटतो आणि मुले त्या वाहत्या चांदीत न्हाऊन निघतात. पाकिस्तानातल्या आत्यांनी पाठविलेले सलवार-कमीज अंगावर चढवून आरशात स्वतःला न ओळखणारी मुलगी मोनिझा अल्वी ह्यांच्या कवितेत होती. आणि पाचवी ही जिभेची कविता. अशी ही संगत. परंतु इतर चार कविता इंग्रजीत आहेत. विंचू, नळ, सलवार ह्या वस्तू परदेशी असल्या तरी त्या सांगणारी भाषा परीक्षकाची आहे. सुजाता भट्ट ह्यांनी वस्तूऐवजी लिपीच पानावर आणून ठेवली. हे धाडस लहान नव्हे.

कवितेतील प्रसंग साधा आहे. जीभ हरवली म्हणजे काय, असे कुणीतरी विचारतो. बोलणारी स्त्री त्यालाच उलट विचारते की, एकाच तोंडात दोन जिभा असत्या तर तू काय केले असतेस? एक जन्मजात आणि दुसरी परकी. दोन्हींचा उपयोग एकदम करता येत नाही. ज्या देशात परकीच बोलावी लागते तेथे आईची जीभ तोंडातल्या तोंडात कुजते. ती कुजली, आपण ती थुंकून टाकली, असे त्या स्त्रीला वाटू लागते. आणि मग रात्री स्वप्नात गुजराती सुरू होते. स्वप्नात ती मेलेली जीभ कोंबासारखी फुटते, वाढते, बळकट होते आणि दुसऱ्या जिभेला बाजूला सारते. येथे एका बारकाव्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. इंग्रजीत तोंडातला अवयव आणि माणसाची भाषा ह्या दोहोंस एकच शब्द आहे, आणि इंग्रजी ओळींचा सारा खेळ त्या एका शब्दावर चालतो. गुजरातीत तो खेळ करता येत नाही. तेथे जीभ निराळी आणि भाषा निराळी, मराठीत आहे तशीच. म्हणून गुजराती ओळींत कवयित्रीस 'जीभ' आणि 'भाषा' हे दोन्ही शब्द जवळजवळ ठेवावे लागले. इंग्रजी वाचकाला एका शब्दात दोन अर्थ मिळाले. गुजराती वाचकाला दोन शब्द मिळून एक दुःख मिळाले. गुजराती ओळी म्हणजे खालच्या इंग्रजी ओळींचे नुसते भाषांतर, असे परीक्षेच्या तयारीत सांगणे सोयीचे खरे. पण भाषा बदलली की विचाराची चालही थोडी बदलते, हे ह्या दोन शब्दांवरून ध्यानी येते.

आता ह्या पुस्तकाने केलेले काम पाहा. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हिंदी लोकांना हाकलले. त्यांपैकी पुष्कळ गुजराती कुटुंबे इंग्लंडात, विशेषतः लेस्टर शहरात, जाऊन राहिली. त्यांची मुले, मग नातवंडे, इंग्रजी शाळांत शिकू लागली. घरी आजी गुजराती बोलते, ही वर्गात सांगण्याजोगी गोष्ट नव्हे असे ज्या मुलास वाटत आले, त्याच्यासमोर एके दिवशी सरकारमान्य परीक्षेच्या पुस्तकात ती अक्षरे छापून येतात. रोमन अक्षरांच्या आधाराने शिक्षक अडखळत वाचू लागतात, आणि वर्गात एकटाच तो मुलगा त्यांना उच्चार सुधारून देऊ शकतो. कदाचित त्याला बोलता येत असेल, पण वाचता येत नसेल. मग ती ओळ घरी आजीकडून वाचून घ्यावी लागेल. एखाद्या भाषेची प्रतिष्ठा सभांतील ठरावांनी जितकी वाढत नाही तितकी अशा एका तासाने वाढते, हे ज्यांनी वर्गात आयुष्य काढले त्यांना पटवून देण्याची आवश्यकता नाही.

परंतु ह्या उपकाराबरोबर एक अपकारही झाला. त्या पुस्तकात छापली होती ती संपूर्ण कविता नव्हेच. तो एक तुकडा होता. मूळ कविता 'ब्रुनिझेम' मध्ये पुष्कळ लांब आहे. तिच्या आरंभी जीभ हातातून निसटते ती पालीच्या शेपटीसारखी. पुढे स्वयंपाकघरात गाणारी आई येते, आणि आईचा आवाज इंग्रजीतून ऐकूच येत नाही हे त्या मुलीला उमगते. आता पाल हा प्राणी आपल्या घरांत इतका परिचित की, त्याचे शेपूट तुटून पडले तरी काही काळाने नवे येते, हे लहान मुलासही ठाऊक असते. म्हणजे तुटलेले पुन्हा उगवते, ह्या कल्पनेचे बी कवितेच्या पहिल्या ओळींतच पेरलेले आहे, आणि स्वप्नात जिभेला फुटणारा कोंब हा त्या बीजाचा. तुकडा कापून घेणाऱ्याने शेपूट कापून टाकले! मग उरले ते असे की, जीभ कुजली आणि रात्रीत उगवली. विद्यार्थ्याला हे एखाद्या चमत्कारासारखे भासते, आणि आई तर त्याला भेटतच नाही. सोळा कवितांत जागा अपुरी पडणार हे मान्य. पण कोठे कापावे हाही निवडीचाच भाग आहे.

त्याहून मोठी हानी प्रश्नपत्रिकेने केली. दोन कवितांची तुलना करा, हा तेथील प्रश्नाचा नेहमीचा साचा. आपल्याकडील गाइडांना लाजवतील अशी मार्गदर्शक पुस्तके तेथेही निघतात. त्यांतून सुजाता भट्ट म्हणजे 'दोन संस्कृतींत सापडलेल्या स्त्रीचे दुःख' असे एक सुटसुटीत उत्तर तयार झाले. वस्तुतः कवितेच्या शेवटी दुःख नाही. तेथे फूल आहे, आणि परक्या जिभेला मागे सारण्याचा थोडा आडदांड आनंदही आहे. पण उत्तराच्या साच्यात दुःख अधिक चांगले बसते. पुढे इंग्लंडातील अभ्यासक्रम बदलला, 'निरनिराळ्या संस्कृतीं'चा तो भाग गेला, आणि ही कविताही त्या पुस्तकाबरोबर मागे पडली.

दुसरे पुस्तक केंब्रिज विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय शालेय परीक्षांसाठी निघालेले. त्याचे नाव 'साँग्ज ऑफ अवरसेल्व्ज'. त्यातील 'अ डिफरंट हिस्टरी', म्हणजे 'एक निराळा इतिहास', ही सुजाता भट्ट ह्यांची कविता जगभरच्या शाळांत अभ्यासली गेली. ह्या कवितेचा पूर्वार्ध कोणत्याही मराठी घरात समजावून द्यावा लागणार नाही. थोर देव पॅन मरण पावला, अशी वार्ता समुद्रावरून आल्याची कथा प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. कवयित्री म्हणते, तो मेला नाही, तो हिंदुस्थानात येऊन राहिला. येथे सापाच्या, माकडाच्या रूपाने देव फिरतात, झाडे पवित्र मानतात, आणि पुस्तकाशी उर्मट वागणे हे पाप समजतात. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करणे, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करणे, हे ज्यांच्या बालपणात आहे त्यांना ह्या ओळी वाचताना आपल्याच घरातले कुणीतरी बोलत आहे असे वाटेल. पुण्यातल्या बालपणाने ह्यातले किती दिले आणि अहमदाबादेने किती, हे वेगळे काढता येणार नाही.

उत्तरार्धात मात्र कविता एकदम वळते. जगातील कोणती भाषा कधी ना कधी जेत्याची भाषा झाली नाही, असा प्रश्न ती टाकते. छळ होतो, माणसे मरतात, आणि त्यानंतर जन्मास येणारी नातवंडे त्याच परक्या भाषेवर प्रेम करू लागतात. हे कसे घडते, ह्याचे उत्तर कवितेत नाही. संस्कृत, फारसी, इंग्रजी ह्या तिन्ही भाषांचा अंमल पाहिलेल्या आपल्या देशाला हा प्रश्न नवा नाही. पण त्यातली नातवंडांची गोष्ट खोल लागते, कारण ती तक्रार म्हणून सांगितलेली नाही. आणि हा प्रश्न कोणी कोणास विचारावा? केंब्रिजच्या परीक्षकाने, इंग्रजी प्रश्नपत्रिकेत, मुंबई-पुण्यातल्या मुलामुलींना! जेत्याच्या भाषेत उत्तर लिहून जेत्याच्या भाषेविषयीच्या प्रश्नास गुण मिळवावयाचे. ह्यात उपरोध आहे. परंतु ह्या विसंगतीस घाबरून ती कविता वगळण्यापेक्षा ती मुलांपुढे ठेवली, हे निवडणाऱ्यांच्या पदरी पुण्यच म्हटले पाहिजे.

शाळेबाहेरच्या संग्रहांची रीत निराळी असते. १९९७ साली युनिस डिसूझा ह्यांनी 'नाइन इंडियन विमेन पोएट्स' हे पुस्तक संपादिले. युनिसबाई गोमंतकीय घराण्यातल्या, पुण्यात जन्मलेल्या, आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या. शिवाय स्वतः कवयित्री, आणि भिडेखातर कोणाची स्तुती न करणाऱ्या. त्यांनी शेकडो नावांची जंत्री न करता नऊच कवयित्री घेतल्या आणि प्रत्येकीच्या अनेक कविता दिल्या. त्या नवांत कमला दास आहेत, इम्तियाझ धारकर आहेत, आणि सुजाता भट्टही आहेत. येथे त्या 'दोन संस्कृतींच्या' कवयित्री म्हणून उभ्या नाहीत. नऊ जणींतल्या एक म्हणून आहेत, आणि वाचकाने एकीचा सूर दुसरीच्या सुराशी ताडून पाहावा अशी सोय आहे. कवीने कवी निवडावा आणि परीक्षामंडळाने कवी निवडावा, ह्या दोन निवडींत केवढे अंतर असते ते ही दोन पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे समजते.

आतापर्यंत दुसऱ्यांनी सुजाता भट्ट ह्यांच्याकडून काय घेतले ते पाहिले. परंतु त्यांनी स्वतः होऊन दिले तेही थोडे नाही, आणि त्याची वाच्यता फारच कमी होते. १९९३ साली अर्लीन झाइड ह्यांच्या संपादकत्वाखाली पेंग्विनने समकालीन भारतीय कवयित्रींचा एक संग्रह काढला. 'इन देअर ओन व्हॉइस' हे त्याचे नाव. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भाषांतील स्त्रियांच्या कविता त्यात इंग्रजीत आणल्या आहेत. त्यासाठी गुजराती कवितांची भाषांतरे सुजाता भट्ट ह्यांनी केली. आपली जीभ तोंडात कुजून जाईल ह्या भयाने जिने कविता लिहिली, तिनेच त्या जिभेवरचे दुसऱ्या स्त्रियांचे शब्द उचलून परक्या जिभेवर नेऊन ठेवले. भाषांतर हे नेहमीच दुय्यम काम समजले जाते. पुस्तकाच्या पाठीवर भाषांतरकाराचे नाव बहुधा नसते. पण येथे पाहिले तर त्या पहिल्या कवितेचे उत्तर ह्या कामात आहे. दोन जिभांचा उपयोग एकदम करता येत नाही, असे कवितेतली स्त्री म्हणते. भाषांतरकाराला नेमके तेच करावे लागते. एक जीभ वाचते, त्याच क्षणी दुसरी बोलते. कवितेत जे अशक्य म्हणून सांगितले ते कवयित्रीने टेबलाशी बसून करून दाखविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या दोन जिभांत पुढे तिसरीची भर पडली. २००० साली निघालेल्या त्यांच्या एका संग्रहाचे नाव 'आउगाटोरा'. हा प्राचीन जर्मन भाषेतला शब्द. त्याचा अर्थ खिडकी, शब्दशः 'डोळ्याचे दार'. इंग्रजीतला खिडकीचा शब्दही मुळात 'वाऱ्याचा डोळा' असा उत्तरेकडच्या भाषेतून आलेला. आणि आपला 'गवाक्ष' तर उघडच गाईच्या डोळ्यावरून आहे. ब्रेमेनच्या खिडकीत बसून एक कवयित्री डोळ्याचे दार उघडते, आणि ते आपल्या संस्कृत शब्दकोशात उघडते, ही गंमत कोणत्याही परीक्षेच्या पुस्तकात अजून शिरलेली दिसत नाही. १९८८ च्या संग्रहातली ती पाल मात्र पुन्हा भेटते. २००८ साली निघालेल्या त्यांच्या एका संग्रहाचे नावच 'प्युअर लिझर्ड' असे आहे.

वेच्यांच्या पुस्तकांमुळे जे झाकले गेले त्यातले एक स्थळ महाराष्ट्रातले आहे, म्हणून त्याचा निर्देश अवश्य केला पाहिजे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचे काम केले ती ही टेकडी. गुजरातीतले श्रेष्ठ गद्यलेखक स्वामी आनंद ह्यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात येथेच वास्तव्य केले. गांधीजींकडे आत्मचरित्र लिहिण्याचा लकडा लावणारे ते हेच. आणि १९६९ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक नाकारणारेही हेच. 'ब्रुनिझेम' मध्ये त्यांच्या नावाची एक कविता आहे. पावसाळ्यातले कोसबाड, हिरव्या रंगाच्या इतक्या छटा की इतर रंगांचा विसर पडावा. नुकतीच रोज साडी नेसू लागलेली सतरा वर्षांची मुलगी, आणि दृष्टी जवळजवळ गेलेले वृद्ध स्वामी. सकाळी ती त्यांना वाचून दाखविते. एके दिवशी ते तिच्याच कविता वाचावयास सांगतात. वाचता वाचता एका कवितेत हिमालय उपमेसाठी आलेला असतो, आणि ती मुलगी लाजते. गंगोत्रीच्या बर्फातून अनवाणी हिंडलेल्या माणसापुढे आपला कल्पनेतला हिमालय काय ठेवावा! ती थांबते. स्वामी तिला थांबू देत नाहीत, पुढे वाच म्हणतात.

मागाहून दोघे निसरड्या टेकडीवर चढू लागतात. म्हातारा तिच्या खांद्याचा आधार घेत नाही, छत्रीवरही भार टाकीत नाही. कविता सुधाराव्या कशा, असे ती पुनःपुन्हा विचारते. ते बराच वेळ काही बोलत नाहीत. मग सांगतात की, लिहीत जा, ह्यापलीकडे सांगण्यासारखे आपल्यापाशी काही नाही.